इंधनटंचाईच्या काळातील रांगा व वाहतूक कोंडी : वाशिम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक विवेचन

सारांश :
पेट्रोल व डिझेलच्या टंचाईत पंपांवर लागणाऱ्या रांगा आणि त्यांतून होणारी वाहतूक कोंडी यांची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे. जानेवारी २०२४ मधील चालकांचे काम बंद आंदोलन हे मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे. अल्पकालीन टंचाईत इंधनाच्या अभावापेक्षा सर्वांनी एकाच वेळी केलेली खरेदी अधिक त्रासदायक ठरते आणि या रांगेचा भार समाजातील सर्व घटकांवर सारखा पडत नाही, हे येथे स्पष्ट केले आहे. वाशिमसारख्या ग्रामीण जिल्ह्यात कोणते उपाय शक्य आहेत, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : इंधनटंचाई, वितरण व्यवस्था, रांगेचे शास्त्र, वाहतूक कोंडी, वाशिम जिल्हा.

प्रस्तावना :
पेट्रोल व डिझेल या वस्तू दैनंदिन जीवनाशी इतक्या निगडित झाल्या आहेत की, त्यांचे महत्त्व त्या मिळेनाशा झाल्यावरच जाणवते. १ व २ जानेवारी २०२४ या दोन दिवसांत महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांनी हा अनुभव घेतला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी तरतूद करण्यात आली होती. अपघातानंतर थांबल्यास जमावाकडून मारहाणीचे भय आणि न थांबल्यास दीर्घ कारावास, अशा कात्रीत आपण सापडू, असे चालकांचे म्हणणे होते. या तरतुदीच्या विरोधात ट्रक व टँकरचालकांनी वाहने उभी केली. मनमाडजवळील पानेवाडी येथील तेल कंपन्यांच्या आगारांतून टँकर बाहेर पडेनासे झाले. नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई अशा शहरांत पंपांसमोर रांगा लागल्या आणि अनेक पंपांवर ‘पेट्रोल संपले आहे’ अशा पाट्या झळकल्या.

२ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव व ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस यांच्यात चर्चा झाली. सदर तरतूद अद्याप लागू झालेली नाही व ती लागू करण्यापूर्वी संघटनेशी विचारविनिमय करण्यात येईल, असे आश्वासन शासनाने दिले आणि वाहतूक पूर्वपदावर येऊ लागली. पुढे १ जुलै २०२४ रोजी न्याय संहिता अमलात आली, तेव्हा हे उपकलम वगळूनच ती लागू करण्यात आली.

या घटनेतील एक बाब विशेष लक्षणीय आहे. त्या दोन दिवसांत देशातील तेलशुद्धीकरण कारखाने सुरू होते व आगारांत साठाही होता. खंड पडला तो आगार ते पंप या शेवटच्या टप्प्यात. तरीही काही तासांतच पंप कोरडे पडले. असे का घडले, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न होय.

उद्दिष्टे व पद्धती :
१) इंधनटंचाईचे प्रकार व त्यांतील भेद स्पष्ट करणे.
२) रांगा व वाहतूक कोंडी यांमागील कारणांचे विश्लेषण करणे.
३) टंचाईचा भार कोणत्या समाजघटकांवर अधिक पडतो, हे पाहणे.
४) वाशिम जिल्ह्याच्या परिस्थितीस अनुरूप उपाय सुचविणे.

सदर लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, दुय्यम स्वरूपाच्या माहितीचा आधार घेतला आहे. गणिती उदाहरणांतील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरले आहेत. ते प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे आकडे नाहीत.

इंधनटंचाईचे प्रकार :
सर्व टंचाया एकसारख्या नसतात. पहिला प्रकार जागतिक पुरवठ्यातील घटीचा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली आणि बॅरलमागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत जवळपास १२ डॉलरवर गेला. भारतातही दरवाढ झाली. तिचा निषेध म्हणून नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते.

दुसरा प्रकार आयात करण्यास परकीय चलनच नसण्याचा. श्रीलंकेत २०२२ मध्ये हे घडले. तेथे नागरिकांना कित्येक दिवस रांगेत काढावे लागले आणि रांगेतच काहींचे प्राण गेले.

तिसरा प्रकार वितरणातील खंडाचा. यात तेल असते, पण ते ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. जानेवारी २००९ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी वेतनाच्या प्रश्नावर तीन दिवस संप केला, तेव्हा अनेक शहरांतील पंप बंद पडले. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये मालवाहू वाहनांच्या चालकांची उणीव निर्माण झाली. पंप बंद पडू लागल्याच्या बातम्या पसरताच लोकांनी टाक्या भरून घेतल्या आणि अखेर ऑक्टोबरमध्ये लष्करी चालकांना पाचारण करावे लागले. जानेवारी २०२४ ची घटना याच प्रकारात मोडते.

हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन प्रकारांत वापर कमी करणे हाच मार्ग उरतो. तिसऱ्या प्रकारात मात्र काही दिवस धीर धरणे हाच मोठा उपाय ठरतो. रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये, हे तत्त्व येथेही लागू पडते.

वाशिम जिल्ह्याची परिस्थिती :
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून, त्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमातही वाशिमचा समावेश झाला.

इंधनाच्या दृष्टीने या जिल्ह्याची तीन वैशिष्ट्ये दिसतात. पहिले म्हणजे इंधन बाहेरून टँकरने येते. पश्चिम विदर्भासाठी अकोल्याजवळील गायगाव येथे तेल आगार आहे. तेथून अकोला, पातूर, मालेगाव, वाशिम हा राष्ट्रीय महामार्ग १६१ चा मार्ग महत्त्वाचा ठरतो. या मार्गावर अडथळा आला की त्याची झळ वाशिम, रिसोडपर्यंत पोहोचते.

दुसरे वैशिष्ट्य अंतराचे. शहरी भागात एक पंप बंद असल्यास दुसरा जवळच सापडतो. खेड्यातील दुचाकीस्वारास मात्र पंपासाठी तालुक्याचे गाव वा महामार्ग गाठावा लागतो. समजा, पंप १५ किलोमीटरवर आहे आणि दुचाकी लिटरला ५० किलोमीटर चालते. जाण्यायेण्यातच ०.६ लिटर पेट्रोल खर्च होते. पंपावर प्रत्येकी दोन लिटरची मर्यादा असेल, तर त्याच्या पदरी प्रत्यक्षात १.४ लिटरच पडते. आणि पंप बंद आढळल्यास होते तेही जाते.

तिसरे वैशिष्ट्य शेतीचे. सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके होत. जानेवारी हा तुरीच्या काढणी-मळणीचा काळ. मळणीयंत्र ट्रॅक्टरवर चालते व ट्रॅक्टर शेतात उभा असतो. त्यासाठी डिझेल कॅनमधूनच न्यावे लागते. टंचाईत कॅनमध्ये इंधन देण्यास सरसकट बंदी घातली जाते, तेव्हा साठेबाज व गरजू शेतकरी हे दोघेही एकाच दोरीने बांधले जातात.

टाकीचे गणित :
अल्पकालीन टंचाईत पंप इतक्या लवकर का आटतात, हे एका उदाहरणावरून समजते. एखाद्या गावात १,००० दुचाकी आहेत. प्रत्येकीची टाकी दहा लिटरची असून, ती सरासरी निम्मी भरलेली असते. प्रत्येक दुचाकीस दिवसाला एक लिटर लागते, असे मानू. म्हणजे गावाची रोजची विक्री १,००० लिटर. आता ‘उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही’ अशी वार्ता पसरली आणि सर्वांनी टाकी पूर्ण भरावयाचे ठरविले, तर एका दिवसात ५,००० लिटरची जादा मागणी उभी राहते. रोजची विक्री धरून ती सहा दिवसांच्या विक्रीएवढी होते. पंपाचा साठा नेहमीच्या मागणीच्या हिशेबाने असतो. तो ही मागणी पेलू शकत नाही.

येथे एकही मनुष्य साठेबाज नाही. प्रत्येकाने स्वतःच्या दृष्टीने शहाणपणाचेच वर्तन केले आहे. मात्र सर्वांचे शहाणपण एकत्र आले की, ज्या संकटाचे भय होते ते प्रत्यक्षात उतरते. शिवाय हे पेट्रोल वापरले गेलेले नसते. ते केवळ पंपाच्या भूमिगत टाकीतून दुचाकींच्या टाक्यांत स्थलांतरित झालेले असते. ज्याची टाकी आधीच निम्मी होती, त्याच्याकडे आता दहा दिवसांचे इंधन आहे आणि ज्याची रिकामी होती, तो कोरड्या पंपासमोर उभा आहे. टंचाईचे खरे दुष्परिणाम येथून सुरू होतात.

रांगेपासून कोंडीपर्यंत :
रांगांचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी डॅनिश गणिती एर्लांग याने कोपनहेगनच्या दूरध्वनी केंद्राच्या संदर्भात सुरू केला. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल याने रांगेतील संख्या ही येणाऱ्यांचा वेग व सरासरी प्रतीक्षाकाळ यांच्या गुणाकाराएवढी असते, हा साधा पण उपयुक्त नियम सिद्ध केला.

हे शास्त्र पंपास लावून पाहू. एका पंपाची क्षमता तासाला ६० वाहनांची आहे, असे समजू. वाहने आपापल्या सोयीने अनियमितपणे येत असतात. तासाला ४८ वाहने येत असल्यास पंपावर सरासरी ४ वाहने असतात व प्रत्येकास सुमारे ५ मिनिटे लागतात. ५४ वाहने आल्यास सरासरी ९ वाहने व १० मिनिटे. ५७ आल्यास १९ वाहने व २० मिनिटे. म्हणजे तासाला केवळ ९ वाहने वाढली आणि लागणारा वेळ चौपट झाला. क्षमतेच्या काठावर आलेली व्यवस्था थोड्या वाढीनेही कोलमडते, हा यातील बोध होय.

तासाला ९० वाहने येऊ लागल्यास दर तासाला ३० वाहने साचत जातात. चार तासांत १२० दुचाकींची रांग होते. दुचाकीमागे दोन मीटर जागा धरल्यास एकेरी रांग २४० मीटर लांब होते आणि शेवटच्या व्यक्तीस दोन तास थांबावे लागते. पंपाच्या आवारात एवढी जागा नसते. परिणामी रांग रस्त्यावर येते. रस्ता महामार्ग असल्यास एक मार्गिका बंद होते. मग पेट्रोलशी काहीही संबंध नसलेली एसटी बस, रुग्णवाहिका आणि ज्याच्या येण्यावर सर्वांचा डोळा लागला आहे तो टँकरही त्याच कोंडीत अडकतो. सुरू ठेवलेले मोटारीचे इंजिन उभ्या स्थितीतही तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. इंधनासाठी लागलेली रांग अशा रीतीने इंधनच खाऊ लागते.

याच गणितात उपायही दडलेला आहे. एका वाहनास लागणारा वेळ चतुर्थांशाने कमी केल्यास पंपाची क्षमता तासाला ८० वाहनांवर जाते आणि त्याच चार तासांत साचणाऱ्या वाहनांची संख्या १२० ऐवजी ४० होते. सुट्या पैशांची देवाणघेवाण, मोबाइलवरून पैसे पोहोचल्याची खात्री, झाकण उघडण्यास लागणारा वेळ या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचे महत्त्व यावरून ध्यानी येते.

रांगेची किंमत कोण मोजतो ? :
रांग ही समतेची व्यवस्था मानली जाते. जो आधी येतो त्यास आधी मिळते. परंतु आधी येणे प्रत्येकास शक्य नसते. मासिक वेतन घेणाऱ्या व्यक्तीचे दोन तास रांगेत गेल्याने तिचे उत्पन्न घटत नाही. आठ तासांच्या कामावर रोज मिळविणाऱ्या मजुराचे दोन तास म्हणजे रोजाचा चौथा हिस्सा होय. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो वार्ता ऐकताच टाकी भरून घेतो. रोज शंभर रुपयांचे पेट्रोल टाकणाऱ्यास ती सोय नसते. तो रोजच्याप्रमाणे सायंकाळी येतो आणि पाटी वाचून परततो.

प्रवासी ऑटो चालविणाऱ्याची अडचण दुहेरी आहे. रांगेत थांबावे तर धंदा बुडतो, न थांबावे तर वाहनच चालत नाही. खेड्यांत बाटलीतून सुटे पेट्रोल विकण्याचा प्रकार चालतो. तो बेकायदेशीर व धोकादायक आहे. पण पंप दूर असल्याने लोक त्यावर अवलंबून असतात आणि टंचाईत त्याची किंमत वाढते. तात्पर्य, दर पंपावर तोच राहिला तरी गरिबास इंधन महाग पडते. फरक इतकाच की, ही महागाई पावतीवर दिसत नाही.

नियंत्रणाचे प्रयोग व त्यांच्या मर्यादा :
२ जानेवारी २०२४ रोजी चंदीगड प्रशासनाने दुचाकीस २ लिटर व चारचाकीस ५ लिटर अशी कमाल मर्यादा घातली. अशी मर्यादा शेवटी येणाऱ्यास काहीतरी मिळेल याची हमी देते. परंतु ती दीर्घकाळ ठेवल्यास तेच वाहन पुनःपुन्हा रांगेत येते. अमेरिकेत १९७९ मध्ये कॅलिफोर्नियासह काही ठिकाणी वाहन क्रमांकानुसार सम-विषम दिवस ठरविण्यात आले. तर काही राज्यांनी याच्या उलट, किमान खरेदीची अट घातली. टाकी जवळजवळ भरलेली असताना केवळ भीतीपोटी रांगेत उभे राहणाऱ्यांना परावृत्त करणे, हा त्यामागील हेतू होता.

श्रीलंकेने जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय इंधन परवाना सुरू केला. प्रत्येक वाहनास क्यूआर कोड व साप्ताहिक कोटा देण्यात आला. आरंभी दुचाकीस ४ लिटर व मोटारीस २० लिटर. क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार वारही ठरविण्यात आले. आपला वाटा सुरक्षित आहे, ही खात्री पटल्यावर रांगा ओसरल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ही मर्यादा उठविण्यात आली. या यशाचे मर्म तंत्रज्ञानाइतकेच खात्रीत आहे. आज न गेल्यास उद्या मिळणार नाही, ही भीती गेली की रांगेचे कारणच उरत नाही.

भारतात पेट्रोलियम पदार्थ हे जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कक्षेत येतात. साठवणुकीबाबत पेट्रोलियम अधिनियम, १९३४ मध्ये पेट्रोल व डिझेल यांत भेद केलेला आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंतच व सुरक्षित भांड्यात परवान्याशिवाय ठेवता येते. डिझेलसाठी हीच मर्यादा २,५०० लिटर आहे, मात्र एकाही भांड्याची क्षमता १,००० लिटरहून अधिक नसावी. शेतकऱ्याच्या डिझेलच्या कॅनकडे आणि पेट्रोलच्या प्लॅस्टिक बाटलीकडे एकाच दृष्टीने पाहणे म्हणूनच योग्य नव्हे.

उपाययोजना :
वरील विवेचनाच्या आधारे वाशिम जिल्ह्यासाठी पुढील उपाय सुचविता येतील.

१) प्रशासन : ‘साठा पुरेसा आहे, घाबरू नये’ एवढे आवाहन पुरेसे ठरत नाही. कोणत्या तालुक्यात किती पंपांवर इंधन आहे व पुढील टँकर केव्हा येणार, हे दिवसातून दोनदा जाहीर करावे. रुग्णवाहिका, दूध व पाणीपुरवठ्याच्या वाहनांसाठी प्रत्येक तालुक्यात एक पंप राखून ठेवावा. शेतकऱ्यांना कॅनमध्ये डिझेल देण्यासाठी दुपारची वेळ निश्चित करून तलाठ्याच्या दाखल्यावर मर्यादित प्रमाणात ते द्यावे. कमाल मर्यादा घातल्यास ती टँकर येऊ लागताच उठवावी.

२) पोलीस यंत्रणा : महामार्गावरील पंपाची रांग मुख्य रस्त्यावर न येता कडेने वा आतील रस्त्याने वळवावी. दुचाकी, चारचाकी व अवजड वाहने यांच्या रांगा वेगळ्या कराव्यात. टँकरच्या प्रवेशाचा मार्ग सदैव मोकळा असावा.

३) पंपचालक : १०० व २०० रुपयांच्या ठरावीक रकमेतच विक्री करावी. पैसे घेणारा व इंधन भरणारा कर्मचारी वेगळा असावा. साठा संपत आल्यास रांगेतील कितव्या वाहनापर्यंत इंधन पुरेल, ते मोजून त्यामागील लोकांस तसे स्पष्ट सांगावे. दोन तासांनंतर रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा आरंभीच मिळालेला नकार सुसह्य असतो.

४) नागरिक : टाकी निम्मी असल्यास पंपावर जाऊ नये. रांगेत इंजिन बंद ठेवावे. दुचाकी शक्य तेथे ढकलत न्यावी. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग व चाकांतील हवेचा योग्य दाब यांमुळे इंधन वाचते. लांबच्या प्रवासासाठी एसटीचा आधार घ्यावा. एसटीच्या आगारांत डिझेलचा स्वतंत्र साठा असल्याने तिची सेवा तुलनेने टिकून राहते.

५) महाविद्यालये : जिल्ह्यातील अनेक प्राध्यापक दररोज ‘अप-डाऊन’ करतात. एका गावाहून येणाऱ्यांनी एका वाहनातून येणे, तासिकांचे वेळापत्रक एसटीच्या वेळांशी जुळविणे, ग्रामीण विद्यार्थ्यांच्या अनुपस्थितीबाबत त्या दिवसांत सहानुभूतीने विचार करणे, हे सहज शक्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक रांगांचे नियोजन करण्यास पोलिसांना साहाय्य करू शकतात. पंपावर तासाला किती वाहने येतात व एकास किती वेळ लागतो, याची नोंद हा गणित, वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प ठरेल. आणि पुढील टंचाईच्या वेळी प्रशासनाच्याही तो उपयोगी पडेल.

निष्कर्ष :
१) वितरणातील खंडामुळे होणारी टंचाई सहसा अल्पकालीन असते, भीतीपोटी एकाच वेळी होणाऱ्या खरेदीमुळे ती तीव्र होते.
२) पंपाची क्षमता ओलांडली जाताच रांग वेगाने वाढते व तिचे रूपांतर वाहतूक कोंडीत होते. सेवाकाळातील थोडी बचतही रांग मोठ्या प्रमाणात घटविते.
३) रांगेचा भार रोजंदारीवरील कामगार, ग्रामीण दुचाकीस्वार व शेतकरी यांच्यावर तुलनेने अधिक पडतो.
४) वाशिम जिल्ह्यासाठी शहरी धर्तीचे सरसकट निर्बंध उपयुक्त नाहीत. अंतर व शेतीचा हंगाम यांचा विचार करूनच नियम ठरवावे लागतील.

समारोप :
टंचाईच्या काळात प्रत्येक जण स्वतःपुरता सुरक्षित होऊ पाहतो. ज्याच्या टाकीत आज चार दिवसांचे पेट्रोल आहे, त्याने पंपावर न जाण्याचा निर्णय घेतला, तर त्याचा तोटा काहीच होत नाही. परंतु त्याने मोकळ्या सोडलेल्या जागी मळणीसाठी डिझेल नेणारा शेतकरी किंवा रुग्णास दवाखान्यात नेणारा दुचाकीस्वार उभा राहू शकतो. हा संयम केवळ उपदेशाने येणार नाही. उद्या इंधन मिळेल, हा विश्वास प्रशासनाने आपल्या वेळेवरच्या व खऱ्या माहितीतून निर्माण केला पाहिजे. टँकर दोन दिवसांनी येतो. तोपर्यंत समाजास सांभाळण्याचे काम या विश्वासालाच करावे लागते.